टायरातलं पाणी

महादेवराव उरकुडे एकतीस वर्षं एका ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तळेगावहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते कॉलेज होतं. साडेदहाला जायचं, टेबलं पुसायची, स्प्रिंगकाटे अडकवायचे, तोटीच्या भांड्यात काठोकाठ पाणी भरून ठेवायचं आणि तास संपला की सगळं धुऊनपुसून पुन्हा कपाटात लावायचं. शिकवणारे सर दर दोन-चार वर्षांनी बदलत, महादेवराव मात्र तिथेच. दगड पाण्यात सोडला की काटा किती खाली येतो आणि तोटीतून सांडलेलं पाणी किती भरतं, हे मुलांना सर सांगत. पण उत्तर जुळलं नाही तर का जुळलं नाही, दगडाला बुडबुडा चिकटलाय की दोरा काठाला घासतोय, हे ओळखायला मुलं महादेवरावांकडेच येत. स्वतः ते बारावी सायन्सला दोनदा नापास झालेले, दोन्ही वेळा इंग्रजीत. कॉलेजात त्यांना सगळे नुसतं 'उरकुडे' म्हणत आणि गावात 'कॉलेजवाला महादेव'.

गाव म्हणजे धामणखेडा. ते धरणात गेलं त्याला बरीच वर्षं झाली. आता सगळे राहतात त्या वस्तीला कागदावर काही का नाव असेना, लोक तिला पुनर्वसनच म्हणतात. सरळ रेषेत घरं, रुंद रस्ते आणि सावलीला झाड नाही. प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले, त्यामुळे जुन्या गावात भिंतीला भिंत लागून असलेली घरं पार दोन टोकांना गेली. महादेवरावांचे जुने शेजारी नत्थूजी ढोले असेच दुसऱ्या टोकाला गेले. येणंजाणं मात्र राहिलं.

जुन्या गावाकडे जाणारा डांबरी रस्ता अजून होता. वस्तीतून निघायचा, दोन वावरं ओलांडायचा आणि सरळ पाण्यात शिरायचा. लोकांनी त्याचा घाट करून टाकला होता. बाया तिथं गोधड्या धूत, बैल तिथं धूत आणि खंडेनवमीला ट्रॅक्टरही तिथंच धूत, कारण दसऱ्याला पूजा करायची तर ट्रॅक्टर चकचकीत लागतो.

त्या खंडेनवमीला सकाळी आठ-साडेआठला नत्थूजींचा मुलगा भूपेंद्र ट्रॅक्टर घेऊन पाण्यावर गेला. सत्तावीस वर्षांचा, अंगानं दणकट, बोलायला कमी. बारावीत असताना त्यानं प्रयोगशाळेतलं काचेचं भांडं फोडलं होतं आणि कोणी पाहिलं नसताना स्वतःहून येऊन सांगितलं होतं, म्हणून महादेवरावांच्या मनात त्याच्याविषयी विशेष माया होती. त्यानं ट्रॅक्टर उलटा घेत मागची चाकं पाण्यात घातली. पाणी गुडघाभर होतं तिथवर ठीक होतं. त्याखाली रस्त्यावर शेवाळ जमलं होतं. चाकं घसरली, ब्रेक दाबला तरी ट्रॅक्टर मागेच जात राहिला आणि जुन्या रपट्यापाशी, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलापाशी, कडेवरून नाल्यात कलंडला. नाला तिथं बावीस फूट खोल.

शेजारीच गाड्या धुणारे चार तरुण होते. त्यांनी लगेच उड्या टाकल्या. पहिल्या दहा मिनिटांत ते किती वेळा खाली गेले याचा हिशेब कोणालाच नव्हता. त्याचा हात त्यांच्या हाताला लागला. हातानं त्यांना घट्ट धरलं देखील. ओढलं, पण तो निघेना. चौघांनी मिळून ट्रॅक्टर उचलायचा प्रयत्न केला, तो तसूभर हलला नाही. मग त्या हातानं धरणं सोडलं.

दुपारी बचाव पथक आलं. पाणबुड्या खाली जाऊन आला आणि त्यानं सांगितलं, ट्रॅक्टर उजव्या कुशीवर आडवा आहे, मांडी मागच्या चाकाच्या मडगार्डखाली दबलीय, वजन हटल्याशिवाय बॉडी निघत नाही. क्रेन मागवली. ती काळ्या चिखलात निम्म्या चाकांपर्यंत रुतली आणि पन्नास पावलांवरच थांबली. जेसीबीला तार बांधून ओढलं, तर ट्रॅक्टर रपट्याच्या दगडांत आणखी अडकला आणि तार तुटली. संध्याकाळी पथकानं काम थांबवलं. त्या वस्तीत त्या वर्षी कोणी दाराला तोरण लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, महादेवराव वही घेऊन पाण्यावर गेले. ट्रॅक्टर कंपनीचं माहितीपुस्तक त्यांनी नत्थूजींच्या घरून मागून आणलं होतं. पथकाचा प्रमुख चाळिशीचा माणूस होता, रात्रभर झोपलेला नव्हता.

"काका, इथं उभं राहू नका. मागे व्हा."

"साहेब, वरून ओढता येऊन नाई राह्यलं," महादेवराव म्हणाले, "तर खालून उचलता येते."

"कसं?"

"ड्रमानं. हे निळे दोनशे लिटरचे ड्रम. पाण्यानं भरून खाली न्याचे, तोंड खाली करून ट्रॅक्टरले बांधाचे अन् पाइपानं त्यात हवा सोडाची. हवा शिरली का पाणी खालून निघून जाते. मंग ड्रम वर याले पाहाते, अन् येताना ट्रॅक्टरले घेऊन येते."

प्रमुख मूर्ख नव्हता. "म्हणजे लिफ्ट बॅगच की. त्या मागवल्यात नागपूरहून. परवापर्यंत येतील."

"परवापर्यंत पोरगं पाण्यातच ठेवता का?"

प्रमुखानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "किती ड्रम लागतील? अंदाजानं बांधले आणि ट्रॅक्टर उलटला तर माझे पाणबुडे खाली असतील."

"अंदाजानं कायले? हिशोब हाये." महादेवरावांनी वही उघडली. "ट्रॅक्टरचं वजन एकोणीस क्विंटल. पाण्यात बुडलेली वस्तू जेवढं पाणी बाजूले सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाएवढी ती हलकी होते. लोखंडाच्या भागानं अडीच क्विंटल पाणी सारलं. समोरची लहान चाकं, सत्तर किलो. आता मागची मोठी चाकं..."

तिथं ते थांबले. नांगरताना चाक घसरू नये म्हणून पुष्कळ लोक मागच्या टायरांत पाणी भरून ठेवतात. जमिनीवर त्यानं ट्रॅक्टर जड होतो. पण पाण्याखाली हवेनं भरलेला टायर म्हणजे एक फुगाच, तो वजन उचलून धरतो. आणि पाण्यानं भरलेल्या टायराचा पाण्यात काहीच आधार नाही.

नत्थूजी डोक्यावर दुपट्टा टाकून बांधावर बसले होते. कालपासून त्यांनी तिथून हलायचं नाव घेतलं नव्हतं. महादेवराव त्यांच्यासमोर उकिडवे बसले. अशा वेळी असं विचारणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"नत्थूभाऊ, मागच्या टायरात हवा हाये का पाणी?"

"हं?"

"टायरात. पाणी भरलं होतं का कधी?"

"नाई. हवाच हाये. आमी कधी पाणी नाई भरलं." नत्थूजी पाण्याकडेच पाहत होते. "काऊन?"

"काई नाई. हिशोबाले लागते."

मग हिशेब सोपा झाला. मागच्या दोन्ही टायरांचे साडेचार क्विंटल आणखी कमी, म्हणजे पाण्याखाली ट्रॅक्टरचं वजन उरलं सव्वाअकरा क्विंटल. एक ड्रम एकशे नव्वद किलो उचलणार. सहा ड्रमांत तोल येतो, आठ बांधले की उचलायला पावणेचार क्विंटलचा जास्तीचा जोर. ट्रॅक्टर वर काढायचा नाहीच, नुसता हातभर उचलायचा. कारण लोखंड पाण्याबाहेर आलं की त्याचं हरवलेलं वजन परत येतं आणि दोर तुटतात. ड्रममध्ये हवा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशीच सोडायची, नाहीतर एका अंगाला झोल जातो. प्रमुखानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक आहे. करू."

तळेगावच्या हायवेवर पंक्चरचं दुकान चालवणारा मुकेश आपला कॉम्प्रेसर गाडीत टाकून घेऊन आला. ड्रम दुधाच्या संकलन केंद्रातून आले. पाणबुड्यांनी दुपारभर खाली जाऊन जाऊन दोर बांधले. चारच्या सुमाराला आठही ड्रममध्ये हवा भरली होती. जास्तीची हवा बुडबुडे होऊन वर येत होती आणि काठावर दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती.

ट्रॅक्टर हलला नाही.

जेसीबीनं नव्या तारेनं हलकेच झटका देऊन पाहिला. तरी नाही.

"चिखलानं धरून ठेवलंय," प्रमुख म्हणाला.

"चिखल धरते, पण एवढा नाई धरत," महादेवराव म्हणाले. ते वही घेऊन खाली बसले आणि वरपासून खालपर्यंत पुन्हा वजाबाकी करायला लागले. उत्तर तेच. मागे कुजबुज सुरू झाली. कोणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं, "भांडे धुणाऱ्या माणसाच्या हिशोबावर चालले सगळे." महादेवरावांनी मान वर केली नाही. तोटीचं भांडं समोर असतं तर बुडबुडा शोधता आला असता, इथं बावीस फूट गढूळ पाणी होतं.

बाया लांब बाभळीखाली बसल्या होत्या. त्यांच्यातून भूपेंद्रची बायको रीता उठली. डोक्यावर पदर ओढून ती पुरुषांच्या घोळक्यातून चालत आली आणि सासऱ्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"मामाजी," ती म्हणाली, "टायरात पाणी होतं."

नत्थूजींनी वळून पाहिलं.

"वैशाखात भरलं. तुमी डोळ्याच्या आप्रेशनले वर्धेले गेलते तवा. चाक घसरते म्हनून ते म्हनत होते, तर मीच म्हटलं, शेजारच्यायनं भरलं तसं आपुनबी भरू. मीनं पाइप धरला होता."

बाभळीखालून सीताबाई, भूपेंद्रची आई, सुनेकडे पाहत होत्या. त्यांच्या कानावर ते शब्द गेले होते.

महादेवरावांनी रीताकडे पाहायचं टाळलं. त्यांनी वहीत एक आकडा खोडला. मोठ्या टायरात साधारण एकशे नव्वद लिटर पाणी मावतं, दोन्हींचं मिळून तीनशे ऐंशी. तेवढा आधार गेला. सव्वाअकराचे पंधरा क्विंटल झाले. आठ ड्रमांचा सगळा जोर नुसत्या तोलापुरता होता, चिखल सोडवायला काहीच उरलं नव्हतं.

"आणखी चार," ते प्रमुखाला म्हणाले. "बारा पाह्यजे."

पण उजेड सरला होता. आणखी एक रात्र भूपेंद्र पाण्यातच राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बारा ड्रम बांधले. अकराव्यात हवा भरत असताना आधी खालून चिखलाचा एक काळपट ढग वर आला आणि पाण्यावर पसरला. मग पाण्याच्या पोटात काहीतरी सुटल्यासारखा मोठा फुगा फुटला, आणि ड्रमांत गेलेले हवेचे पाइप हातभर ढिले पडलेले दिसले.

"बस! हवा बंद करा! बंद!" महादेवराव ओरडले. ते एवढ्या मोठ्यानं ओरडलेले त्यांच्या बायकोनं, विमलाबाईंनीही कधी ऐकले नव्हते.

दोघे पाणबुडे खाली गेले आणि भूपेंद्रला घेऊन वर आले. सीताबाईंनी हंबरडा फोडला. नत्थूजी पाण्यात शिरले आणि कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी मुलाला दोन्ही हातांवर घेतलं. पाण्यात तो त्यांना हलका लागला असणार. काठाकडे येता येता ते वाकत गेले आणि शेवटच्या दोन पावलांवर चौघांना धरावं लागलं.

प्रमुख महादेवरावांजवळ आला. "सर, झालं," तो म्हणाला. "तुम्ही आता घरी जा."

कोणी त्यांना सर म्हणावं, ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती. त्यांच्या ते लक्षात आलं दोन दिवसांनी, आणि आलं तेव्हा त्यांना मुळीच बरं वाटलं नाही. वर्तमानपत्रात 'निवृत्त शिक्षकाची युक्ती' असं छापून आलं. दुरुस्ती कळवावी म्हणून त्यांनी कार्ड लिहायला घेतलं आणि अर्धवट सोडलं.

तेरवी झाली, पाहुणे गेले आणि ढोल्यांच्या घरात बोलायला माणसं उरली तीन. सीताबाईंनी सुनेवर हात टाकला नाही की तिला घराबाहेर काढलं नाही. त्या फक्त बोलायच्या. भाकरी थापताना, केर काढताना, स्वतःशीच बोलल्यासारखं. "टायरात पाणी भरलं नसतं तं निघाला असता माहा पोरगा. चौघं पोट्टे होते खाली. हलका असता तं उचलला असता त्यायनं. पाइप धरत होती म्हने." आजूबाजूच्या बायाही मग तसंच म्हणायला लागल्या. किराण्याच्या दुकानात रीता गेली की बोलणं थांबायचं.

एका दुपारी ती आपल्या तीन वर्षांच्या मुलीला, काजलला, कडेवर घेऊन महादेवरावांकडे आली. विमलाबाईंनी तिला पाणी दिलं. ते तिनं काजलला पाजलं.

"काकाजी," ती म्हणाली, "तुमी ड्रमाचा हिशोब केला ना, तसाच आनखी एक करून द्या. टायरात हवा असती तं ते निघाले असते का?"

महादेवरावांनी कोनाड्यातल्या वहीकडे पाहिलं.

"जे येईन ते लिहून द्या. मले घरी दाखवाचं हाये."

"तुले काय करायचं हाये आता हे काढून?" विमलाबाई म्हणाल्या. "झालं ते झालं."

"काकू, घरात रोज तेच निघते. मी नाई काढलं तरी निघतेच."

"परवा येजो," महादेवराव म्हणाले.

त्यांनी पाणबुड्याला फोन करून ट्रॅक्टर नेमका कसा पडला होता ते विचारून घेतलं. मग कागदावर ट्रॅक्टरची बाजू काढली, कुठला भाग जमिनीला टेकला होता आणि कुठल्या कोपऱ्याखाली मांडी होती त्याची खूण केली. टायरात पाणी असताना त्या कोपऱ्यावर पावणेपाच क्विंटलचा भार पडत होता. चार माणसं पाण्याखाली श्वास रोखून तेवढं हलवूच शकत नाहीत. टायरात हवा असती, तर तोच भार पावणेतीनच्या थोडा वर. सोयाबीनचं भरलं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारी ती चार पोरं होती. त्यांनी तो कोपरा चार बोटं उचलला असता. आणि मांडी सुटायला चार बोटं पुरेशी होती.

त्यांनी तीनदा करून पाहिलं. टायर हलके असते तर ट्रॅक्टर कदाचित वेगळ्या अंगावर पडला असता, कदाचित पाय दबलाच नसता, कदाचित डोकंच दबलं असतं, हेही त्यांना कळत होतं. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कागदावर समोर होतं.

"काय आलं?" विमलाबाईंनी विचारलं.

"निघाला असता."

"पक्कं?"

"पक्कं काईच नसते. पन बहुतेक निघाला असता."

विमलाबाई तांदूळ निवडत होत्या. "अन् तिले काय देता लिहून?"

"आलं तेच द्यावं लागंन ना."

"तिले त्याच घरात राहाचं हाये," विमलाबाई म्हणाल्या. "तुमाले नाई."

एकतीस वर्षांत मुलांनी उत्तर जुळवायला खोटे आकडे लिहिले की महादेवरावांनी ते ओळखले होते. त्यांच्या वह्या सरांकडे जाऊ न देता पुन्हा प्रयोग करायला लावला होता. आता त्यांनी कोरा कागद घेतला, सगळा हिशेब सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवला आणि टायरातल्या पाण्याच्या जागी एकशे नव्वदऐवजी पन्नास लिटर लिहिलं. बाकी सगळं खरं ठेवलं. तेवढ्यानं उत्तर बदललं. टायरात हवा धरली तरी पावणेपाचचे फक्त सव्वाचार झाले, आणि सव्वाचारही चार माणसांना न हलणारे. खाली त्यांनी लिहिलं, 'टायरात हवा असती तरी फरक पडला नसता,' आणि सही केली.

रीता म्हणाली, "तुमीच येऊन वाचून दाखवा. मी दाखवला तं कोनी मानाचं नाई." तेव्हा ते गेले. ढोल्यांच्या पडवीत सतरंजी टाकली होती. सीताबाई भिंतीला टेकून, नत्थूजी खाटेवर, रीता दाराच्या चौकटीत. महादेवरावांनी एकेक आकडा सावकाश वाचला, पाण्याचं, लोखंडाचं, टायरांचं. सीताबाईंना आकडे कळत नव्हते. त्या त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"म्हंजे नसता निघाला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाई, वहिनी. नसता निघाला."

सीताबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्या रडल्या, पण आवाज न करता, खूप वेळ. नत्थूजींनी कागद हातात घेतला, ऑपरेशननंतर मिळालेला चष्मा लावला आणि वाचला. वाचायला त्यांनी पुष्कळ वेळ घेतला.

"मंग काहानं निघाला असता तो?" त्यांनी विचारलं.

चहा झाला आणि महादेवराव उठले.

त्यानंतर सीताबाईंचं ते बोलणं बंद झालं. त्याच्या जागी दुसरं काही बोलणं मात्र आलं नाही. सासू-सून एका चुलीवर स्वयंपाक करत आणि दिवसाकाठी दहा शब्दही बोलत नसत. बायका रीताशी पुन्हा बोलू लागल्या. तरी उन्हाळ्यात ती काजलला घेऊन माहेरी केळझरला गेली आणि तिथंच राहिली. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. सीताबाई एखाद्या चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाचं निमित्त करून नातीला भेटून येत आणि आल्यावर दोन दिवस जेवत नसत.

महादेवराव संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना पडवीत बसवून प्रयोग दाखवायचे. लिंबू मिठाच्या पाण्यात कसं तरंगतं, पितळी वाटी कशी तरंगते आणि तीच ठोकून गोळा केली की कशी बुडते. ते त्यांनी बंद केलं. मुलं आली की म्हणायचे, आज बरं नाही. काही दिवसांनी मुलं यायची थांबली. विहिरीत मोटर पडली, पाण्यात बैलगाडी गेली की लोक मात्र त्यांनाच बोलवायला येत, "सर, जरा चाला ना." ते जात. विचारतील तेवढं सांगत. टायराचं काही निघालं तर स्वतः हात घालून पाहिल्याशिवाय बोलत नसत.

पुढच्या हिवाळ्यात तळेगावच्या बाजारात त्यांना नत्थूजी भेटले. वाळले होते. हातात पिशवी, पिशवीत मेथी आणि काजलसाठी घेतलेलं लोकरीचं टोपडं. दोघं बसस्टँडजवळच्या टपरीवर चहाला बसले. पाऊस यंदा कसा झाला, तुरीवर अळी किती, एवढं बोलून झालं. मग नत्थूजी म्हणाले, "महादेवराव, तो कागद तुमी बरोबर नाई लिहिला."

महादेवरावांनी कप खाली ठेवला.

"ट्रॅक्टर मंग वर काहाडला ना, तवा इकाच्या आदी दोन्ही टायर मीनंच खाली केले. तेरवीच्याही आदी. नोझल काढून बालट्या लावल्या. एका टायरातून बाराच्या वर बालट्या निघाल्या. तुमी वाचलं पन्नास लिटर. पन्नास लिटरच्या बालट्या किती होते, ते मले समजत नसंन का?"

"मंग तवाच बोलले काऊन नाई?"

"बोलून काय करू? ती दारात उभी होती." नत्थूजींनी चहाचा घोट घेतला. "अन् तिनं तं पाइप धरला होता. किती येळ धरला, तिलेबी मालूम असंन. तिनं काई म्हटलं का?"

रीतालाही खरा आकडा ठाऊक असणार, ही गोष्ट महादेवरावांच्या ध्यानात कधी आलीच नव्हती.

"सीतेले नोका सांगू," नत्थूजी म्हणाले. "तिले तेवढाच आधार हाये." मग रस्त्यावरच्या ट्रककडे पाहत ते पुढं म्हणाले, "हवा हाये म्हनून मीच सांगतलं तुमाले. वखरताना पाह्यलं होतं मी, चाक घसरत नव्हतं त्या साली. तवाच समजाले पाह्यजे होतं. माह्यापायी एक दिवस जास्त राह्यला पाण्यात."

"त्यानं काई फरक नाई पडला, नत्थूभाऊ," महादेवराव म्हणाले, आणि आपण हे वाक्य दुसऱ्यांदा बोलतोय हे त्यांच्या कानांना ऐकू आलं. या वेळी ते खरं होतं. नत्थूजींनी ते कसं घेतलं, त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

वर्ध्याची बस आली. नत्थूजी वर्ध्यात उतरून पुढं दुसऱ्या बसनं केळझरला जाणार होते. गर्दीत त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन ते बसले आणि बस हलेपर्यंत समोर पाहत राहिले. महादेवराव उभे होते. बस वळणाआड गेल्यावर त्यांनी दोन चहांचे पैसे दिले आणि आपल्या वस्तीवरून आर्वीकडे जाणारी गाडी कधी आहे ते टपरीवाल्याला विचारलं. त्यानं सांगितलं, पाचची गेली, आता सहाला.